शेजारी राहावयास गेलेला आवाज

श्रावणातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, दिगंबरपंत खांबेटे यांच्या संगणकातला आवाज त्यांचे घर सोडून शेजारच्या यमुनाबाई शेडगे यांच्याकडे राहावयास गेला. जाताना त्याने बरोबर काही नेले नाही. संगणक जागच्या जागी राहिला, पडदा उजळलेला राहिला, पडद्यावरची हिरवी रेघ स्तोत्राच्या तालावर वरखाली होत राहिली. स्तोत्र तेवढे ऐकू येईनासे झाले.

पंतांनी प्रथम आपल्या कानांवर संशय घेतला. त्यांनी टेबलावर टिचकी मारून पाहिली. ती ऐकू आली. मग त्यांनी डोळे मिटून उरलेले स्तोत्र स्वतः म्हटले, देवाला फूल वाहिले आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या रेश्मा मुलाणी यांना बोलावणे धाडले.

दिगंबरपंत भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षे भूमापक होते. साताऱ्याच्या आसपासच्या कित्येक गावांच्या हद्दी त्यांनी साखळी टाकून कायम केल्या होत्या. मोजणीला गेले असता त्यांनी कोणाच्या घरचा चहा घेतला नाही, आणि एकदा लिहिलेला आकडा कोणाच्या रडण्याने बदलला नाही. अशा माणसाचा हट्ट सुटणे कठीण असते, कारण तो त्याला हट्ट वाटतच नाही.

चौदा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या आणि शेडग्यांच्या दारांमधली मोकळी जागा मोजली. दोन्ही सदनिकांची भिंत एक, जिना एक, दारे शेजारी शेजारी. शेडग्यांची चपलांची मांडणी खांबेट्यांच्या हद्दीत सात सेंटिमीटर आली आहे, असे मोजणीत निघाले. पंतांनी मांडणी सरकवण्यास सांगितले. यमुनाबाईंचे यजमान, शेडगे, हसले. पंतांनी पांढऱ्या रंगाने फरशीवर रेषा ओढली, मांडणी स्वतः उचलून पलीकडे ठेवली आणि त्या दिवसापासून अबोला धरला. अबोला घराचा होता, म्हणून तो त्यांच्या पत्नीलाही, कुमुदिनीबाईंनाही, पाळावा लागला. त्यांनी तो पाळला. त्या पंतांच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत, असे सोसायटीत सर्वजण कौतुकाने सांगत.

तीन वर्षांपूर्वी कुमुदिनीबाई वारल्या. जाण्याआधी, अंथरूण धरले असताना, त्यांनी श्रावणातल्या चार शुक्रवारांच्या चार कहाण्या आपल्या आवाजात संगणकात भरून ठेवल्या. जिवतीचे व्रत मुलासाठी असते. मुलगा, श्रीनिवास, फिनलंडात होता. "मी नसले तरी कहाणी ऐकल्यावाचून शुक्रवार सुना जाऊ नये," असे त्यांनी पंतांना सांगितले. "ऐका आणि मग जेवा." पंतांनी त्यांच्या हातावर पाणी सोडून शब्द दिला. दोन श्रावण तो पाळला गेला. हा तिसरा.

रेश्मा मुलाणी दुपारी चारला आल्या. एस.टी. स्टँडजवळ त्यांचे दुकान होते, वय चाळिशीपलीकडचे, बोलणे मोजके.

"वायर निघाली न्हाई न्हवं?" त्यांनी विचारले.

"नाही."

"आवाज पूर्ण वाढवलाय?"

"पूर्ण."

त्यांनी वायर बदलली. दुसरे स्पीकर लावले, ते काढून हेडफोन लावला. संगणक बंद करून चालू केला. आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकला आणि पुन्हा भरला. मग गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून त्या बाहेर जिन्याशी गेल्या, आणि बोलणे अर्ध्यावर सोडून आत आल्या.

"काका, संगणक ठणठणीत हाय. आवाजबी येतोय. फकस्त तुमच्यात न्हाई. शेजारच्या बाईंच्यात येतोय."

पंतांनी क्षणभर विचार केला. "तो दुरुस्त करून परत आणा."

"दुरुस्त करायला बिघडलाय कुठं? राहायला गेलाय. बिघाड असला तर आमच्याकडं. राहण्याचं सोसायटीकडं."

आवराआवर करताना त्यांनी स्पीकरकडे बोट दाखवले. "ह्यांची तोंडं भिंतीकडं कुणी केलीत?"

"आमच्या मंडळींनी. संगणक आला त्याच दिवशी. समोरून धूळ बसते, म्हणत."

रेश्माबाईंनी स्पीकरच्या तोंडावरून बोट फिरवले आणि ते पदराला पुसले. "मग वाट त्याच्या पायाखालची हाय," त्या म्हणाल्या. दुरुस्ती झालेली नसल्यामुळे त्यांनी काही घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला शुक्रवार होता. पंतांनी जिवतीच्या कागदाला गंध लावले, आघाड्याची माळ घातली, समोर पाट मांडला आणि पहिली कहाणी सुरू केली. हिरवी रेघ एकोणीस मिनिटे वरखाली झाली आणि सपाट झाली. कहाणी झाली होती. ऐकली गेली नव्हती. पंत जेवले नाहीत. शनिवारी सकाळी अंघोळ करून त्यांनी दूध घेतले आणि सोसायटीला अर्ज लिहिला: 'माझे मालकीचा आवाज शेजारील सदनिकेत माझे संमतीविना वास्तव्यास असून तो माझे ताब्यात परत मिळावा.'

रविवारी श्रीनिवासचा फोन संगणकावर आला. पंतांना त्याचे ओठ हलताना दिसले. "तुझा आवाज येथे राहत नाही, तुझ्या आईची कहाणीही नाही, म्हणून शुक्रवारी मी जेवलो नाही," पंतांनी त्याला सांगितले. पंतांचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचत होते. तो बराच वेळ काहीतरी बोलला, कपाळाला हात लावला आणि दिसेनासा झाला.

अर्ध्या तासाने पंत दूध घेण्यासाठी दाराशी गेले, तेव्हा पांढऱ्या रेषेवर एक कागद ठेवलेला होता. वारा लागू नये म्हणून त्यावर सुपारी होती. अक्षर शाळेतल्या बाईंसारखे, गोल आणि सरळ.

'गुरुवार ते रविवार आलेले. स्तोत्र, रोज सकाळी. बातम्या दोन वेळा, मध्येच बंद झाल्या. शनिवारी डॉक्टरांचा फोन: पित्ताची गोळी जेवणाआधी घ्यावी, नंतर नव्हे. रविवारी श्रीनिवास: तिकडे पाऊस आहे. आईच्या कहाणीसाठी बाबांनी उपाशी राहू नये. पुढे तो रडला, ते लिहिलेले नाही. शुक्रवारची कहाणी पूर्ण आली.'

पंतांनी कागद दोनदा वाचला. कागद उचलणे म्हणजे बोलणे नव्हे, हे त्यांनी आधी मनाशी तपासून घेतले. गोळी त्यांनी त्या दिवसापासून जेवणाआधी घेतली. पण शेवटचे वाक्य त्यांना गिळता येईना. जे ऐकण्याचा शब्द त्यांनी दिला होता, ते दुसऱ्या कोणी ऐकले होते, आणि तेही पूर्ण.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी बबनराव भोईटे रजिस्टर घेऊन जिना चढून आले. दोन्ही दारे उघडली. पंत रेषेच्या अलीकडे उभे राहिले, यमुनाबाई पलीकडे. त्यांच्या हातात पोथी होती आणि चष्मा कपाळावर. मध्ये भोईटे.

"भोईटे," पंत म्हणाले, "त्यांना विचारा, आवाज त्यांनी कोणत्या अधिकाराने ठेवून घेतला आहे?"

"विचारतात, कोणत्या अधिकारानं."

"ऐकलं मी. सांगा त्यांना, मी बोलावलं नव्हतं त्याला. आपण होऊन आला. आलेल्याला दारातून घालवायची आमच्याकडे रीत नाही."

"ऐकलं त्यांनी, पंत."

"ऐकले असेल. पण सांगितले गेलेले नाही."

भोईट्यांनी सांगितले. चौदा वर्षे सोसायटीच्या प्रत्येक सभेत ते हेच काम करत आले होते आणि आता त्यांना त्याचे काही वाटत नसे.

"सांगा त्यांना, आवाज माझ्या संगणकातला आहे."

"आणि त्यांना सांगा, बहुतेक तो कुमुदचा आहे."

भोईट्यांनी रजिस्टर उघडले. तीन दिवसांपेक्षा अधिक राहणाऱ्या पाहुण्याची नोंद करावी लागते, असा नियम होता. "शेडगेबाई, नाव?"

"आवाज. खांबेट्यांकडचा."

"वय?"

"खूप दिवसांचा आहे."

"'सज्ञान' लिहितो. नाते?"

यमुनाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू ते कोठे लिहिलेले असावे. "मैत्रीण," त्या म्हणाल्या.

"परत जाण्याची तारीख?"

"त्याला विचारा."

भोईट्यांनी तो रकाना मोकळा ठेवला. सज्ञान पाहुण्याला त्याच्या इच्छेविरुद्ध काढता येत नाही, आणि इच्छेविरुद्ध आणताही येत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. "पंत, ऐकायचंच आहे तर जाऊन ऐका की. दोन पावलं आहेत."

"त्या उंबऱ्यात मी चौदा वर्षे पाय ठेवलेला नाही."

"शेडगे गेले तेव्हाही नाही?"

"स्मशानात गेलो होतो. तेथून सरळ आपल्या घरी आलो."

"बरोबर आहे," भोईटे म्हणाले आणि रजिस्टर मिटून खाली गेले. यमुनाबाईंनी दार लोटले. खरे बोललेले प्रत्येक वाक्य माणसाची बाजू घेतेच असे नाही. पंतांना त्या रात्री 'तेथून सरळ आपल्या घरी आलो' हे आपलेच वाक्य पाठ फिरवून झोपलेल्या माणसासारखे वाटत राहिले.

मंगळवारी त्यांनी मोजणी केली. स्तोत्र लावून ते टेप घेऊन बाहेर आले. आपल्या दारापासून रेषेपर्यंत काहीच ऐकू येत नव्हते. रेषेवर, टेपच्या एकशे दहाव्या सेंटिमीटरला, कान नेला तरी शांतता. एकशे अकराव्याला स्तोत्राचे स्पष्ट अक्षर. आवाज त्यांच्याच रेषेशी थांबत होता. तो हद्द पाळणारा होता, आणि रेषा चुकलेली नव्हती. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढी निर्विवाद हद्द त्यांना आढळली नव्हती.

यातून त्यांना एक मार्ग दिसला. पाय अलीकडे ठेवावेत, कमरेत वाकावे आणि मस्तक पलीकडे न्यावे. माणसाचे वास्तव्य पायांवरून ठरते. मस्तक पलीकडे गेल्याने प्रवेश केला असे होत नाही. त्यांनी तसे करून पाहिले. ऐकू आले. ते तसेच वाकलेले असताना भोईटे पाण्याच्या टाकीकडे जाण्यासाठी वर आले.

"योगासन का, पंत?"

"मोजणी."

"कमरेला जपा," भोईटे म्हणाले आणि त्यांना वळसा घालून वर गेले.

गुरुवारी रेषेवरच्या कागदात नेहमीच्या नोंदींखाली एक ओळ अधिक होती. 'उद्या शुक्रवार. दार उघडे राहील. कहाणी आत, देवाजवळ बसते. रेषेपर्यंत पोहोचेल असे वाटत नाही.'

दुसऱ्या शुक्रवारी पंत पहाटे उठले. पूजा झाली. साडेदहाला त्यांनी दुसरी कहाणी सुरू केली आणि लगबगीने बाहेर आले, कारण कहाणी कोणासाठी थांबत नाही. शेडग्यांचे दार सताड उघडे होते. पंत रेषेशी उभे राहिले, वाकले आणि मस्तक पलीकडे नेले.

कुमुदिनीबाईंचा आवाज आला, पण फार दुरून. शब्द नव्हते, फक्त शब्दांचा चढउतार. शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे आणि मध्ये दार असावे, तसे. पंतांनी मान आणखी ताणली. रेषेच्या पलीकडे त्यांचे खांदे गेले, मग छाती. पाय अलीकडेच होते. एक हात त्यांनी शेडग्यांच्या चौकटीला टेकला. तेथे टेकल्याशिवाय ते पडले असते, आणि पडल्याने पाय कोठे गेले असते हे सांगता येत नाही.

तशा अवस्थेत त्यांनी ऐकण्याचा प्रयत्न केला. ही तिची कहाणी होती आणि तिला शब्द दिलेला होता. मागच्या शुक्रवारी तो मोडला होता. आज मोडला तर राहिलेल्या दोन शुक्रवारांना अर्थ उरणार नव्हता.

आतून यमुनाबाईंचा आवाज आला. त्या पंतांशी बोलल्या नाहीत. त्या कहाणीशी बोलल्या.

"कुमुद, दारात कोणी उभं आहे. त्यांना सांग, पाट मांडलाय."

पंतांनी तितक्याच काटेकोरपणे उत्तर दिले. "कुमुद, त्यांना सांग, मी येथूनच ऐकेन."

"कुमुद, त्यांना सांग, तिथून ऐकू येत असतं तर ते चौकटीला लोंबकळले नसते."

दोन्ही निरोप त्या आवाजाला देण्यात आले होते, पण आवाज आपली कहाणीच सांगत राहिला. तिसरा माणूस निरोप पोहोचवीत नसेल तर अबोला कसा चालवावा, याचा नियम पंतांना माहीत नव्हता. त्यांची कंबर दुखत होती. कहाणीतली कोणी बाई कोणाकडे तरी जात होती, एवढे त्यांना कळले; कोणाकडे, ते कळले नाही.

त्यांनी देवाचे नाव घेतले आणि पाय उचलला. रेषा ओलांडली, उंबरा ओलांडला. चप्पल त्यांनी आपल्या बाजूला काढली होती, म्हणून मांडणीचा प्रश्न आला नाही.

आत जिवतीचा तसाच कागद होता, तशीच आघाड्याची माळ. समोर तीन पाट. एका पाटावर कोणी नव्हते आणि आवाज तेथून येत होता. दुसऱ्यावर यमुनाबाई होत्या. तिसरा मोकळा होता, आणि त्यासमोर वाटीत अक्षता होत्या. पंत बसले. त्यांनी अक्षता मुठीत घेतल्या.

आता प्रत्येक अक्षर ऐकू येत होते. कुमुदिनीबाई सावकाश सांगत होत्या. चारपाच वाक्ये झाली की त्या थांबत, आणि त्या थांबल्या की यमुनाबाई म्हणत, "हूं." मग कहाणी पुढे जाई. पुन्हा चारपाच वाक्ये, पुन्हा थांबा, पुन्हा "हूं."

दोन वर्षे पंतांनी हेच थांबे आपल्या घरी ऐकले होते. शेवटच्या दिवसांत तिला धाप लागे, म्हणून ती थांबते, असे ते समजून चालले होते. त्या थांब्यांच्या वेळी त्यांनी प्रत्येकदा मान खाली घातली होती. आता त्यांनी मोजले. थांबे सारखे होते, एका हुंकाराएवढे. त्यात श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. ती धापेसाठी थांबत नव्हती. वाट पाहत होती.

एकीने सांगावे आणि दुसरीने हुंकार द्यावा, अशी या दोघींची पद्धत असावी. चौदा वर्षांपूर्वीच्या श्रावणांत दोघी कोठे बसत, कोण सांगे आणि कोण ऐके, हे पंतांना आठवेना. त्यांनी त्या वेळी ते पाहिलेच नव्हते. ते बहुधा मोजणीला गेलेले असत.

कहाणी अर्ध्यावर आली असता आत स्वयंपाकघरात पुरण लागल्याचा वास आला. यमुनाबाई उठल्या आणि आत गेल्या.

कुमुदिनीबाईंनी आणखी दोन वाक्ये सांगितली. कहाणीतली बाई आता दाराशी पोहोचली होती. त्या थांबल्या.

हुंकार आला नाही.

त्या थांबूनच राहिल्या. आतून कालथ्याचा आवाज येत होता. भिंतीवरचे घड्याळ चालले होते. शेजारच्या घरात, पंतांच्या संगणकावर, हिरवी रेघ एव्हाना पुढे निघून गेली असेल. परंतु संगणक तेथे होता आणि आवाज येथे राहत होता, आणि तो येथल्या पद्धतीने चालत होता. आवाजाच्या मोकळ्या पाटाकडे पंतांनी पाहिले. एक मिनिट गेले. अक्षता मुठीत ओल्या होऊ लागल्या. यमुनाबाई परत येण्याची वाट पाहता आली असती. पण वाट किती पाहावयाची आणि कोणी, याचा हिशेब पंतांना त्या क्षणी आपल्या बाजूचा दिसेना.

"हूं," ते म्हणाले.

चौदा वर्षांत त्या घरात त्यांनी उच्चारलेले हे पहिले अक्षर होते. ते घशातच राहिले. कहाणी हलली नाही.

"हूं," ते पुन्हा म्हणाले. थोडे वर, पण फार नाही.

स्वयंपाकघरातला कालथा थांबला. यमुनाबाई आतूनच बोलल्या. त्यांनी मध्ये कोणाला घातले नाही.

"मोठ्यानं म्हणा, भावजी. शेवटी शेवटी भिंतीपलीकडून तिला कमी ऐकू येत होतं."

हे दिगंबरपंतांना ठाऊक नव्हते.

त्यांनी ताठ बसून, मान वर करून, शेजारच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने हुंकार दिला. कहाणी पुढे सुरू झाली.